थंड मशीन, ७९ अंश

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी घणसोलीहून फोन आला. “दादा, मशीन अर्ध्या तासात दम सोडते. रेस बाराशेवर येऊन अडकते, दगड फोडायचा ब्रेकर नुसता टकटक करतो. चावी बंद करून परत मारली की पुन्हा पळते.” मशीन म्हणजे वीस टनी पोकलेन, २०१७ ची, मीटरवर ९,४०० तास, खंडेनवमीच्या आधी एका यार्डातून घेतलेली. मी पोहोचलो तेव्हा बूमला बांधलेला झेंडूचा हार अजून पुरता सुकलाही नव्हता. बेसमेंटचं खोदकाम चाललं होतं. वरचा मुरूम निघाला होता आणि खाली काळा दगड लागला होता. आमच्या पट्ट्यात हे नेहमीचंच. दगड लागला की ब्रेकर लावावा लागतो, आणि ब्रेकर लागला की मशीनच्या एकेका वायरला दिवसभर हादरे बसतात.

चौदा वर्षं मी कळंबोलीत अर्थमूव्हिंग मशीनच्या वायरिंगची कामं करतोय. शिकलो तेव्हा इंजिनवर विजेचं म्हणावं असं फार थोडं असायचं. स्टार्टर, अल्टरनेटर, इंजिन बंद करायचा सोलेनॉइड, टेम्परेचरचा एक सेंडर आणि ऑइलचा एक. डिझेल किती सोडायचं ते पंप आणि गव्हर्नर आपसांत बघून घ्यायचे. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून दाबाचं डिझेल देणारी पद्धत आली आणि तो कारभार ईसीएमकडे, इंजिनच्या कॉम्प्युटरकडे गेला. रेलमध्ये आयडलला तीनशे-चारशे बार आणि लोडवर हजाराच्या वर दाब असतो, आणि तो सांभाळताना ईसीएमला स्वतःचे डोळे नसतात. सेन्सर जे सांगेल ते खरं धरून तो चालतो. एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम मशीनना धुराचे सीईव्ही ४ निकष लागले, तेव्हापासून बॅकहो लोडरवरही सेन्सर वाढले. त्या मशीन आता दुसऱ्या हातात विकायला येऊ लागल्यात आणि घेणारे बहुतेक आपलेच लोक आहेत, हप्त्यावर घेणारे. म्हणून घणसोलीचं हे काम सविस्तर लिहितोय. यातली पहिली चूक माझी आहे, तीही लिहितो.

स्कॅनर लावला. कोड आला एसपीएन १५७, एफएमआय ४. पहिला आकडा कुठल्या गोष्टीबद्दल तक्रार आहे ते सांगतो; १५७ म्हणजे रेलचा दाब. दुसरा आकडा तक्रार कसली आहे ते सांगतो. मी कोड खोडला, मशीन चालवायला लावली, पस्तीस मिनिटांनी रेस पडली आणि तोच कोड परत आला. मला वाटलं झालं, रेल प्रेशर सेन्सर गेला. तुर्भ्याहून नवीन सेन्सर मागवला, ११,५०० रुपये. इंजिन बंद केलं, रेलमधला दाब उतरेपर्यंत चांगली दहा मिनिटं थांबलो आणि सेन्सर बदलला. (हे थांबणं कधीही चुकवू नका. चालू इंजिनवर रेलचा पाइप किंवा सेन्सर सैल करू नका. एवढ्या दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत जाते.) संध्याकाळी दोन तास मशीन छान चालली. शेठनी पैसे दिले, चहा पाजला, मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधीच फोन. तेच.

त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. पैशांपेक्षा मला हे खात होतं की दुसरा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो वाचून न वाचल्यासारखा केला. एफएमआय १ असता तर अर्थ वेगळा झाला असता: सेन्सर ठीक सांगतोय, दाबच खरोखर कमी आहे. मग फिल्टर, डिझेलमधली हवा, पंप, इंजेक्टर बघायचे. ४ म्हणजे व्होल्टेजच वाजवीपेक्षा खाली गेलंय. हे ईसीएमला कसं कळतं ते समजून घेण्यासारखं आहे. असल्या तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरला ईसीएम ५ व्होल्ट देतो, एक अर्थ देतो आणि तिसऱ्या वायरवर उत्तर घेतो. दाब शून्य असला तरी उत्तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतं, आणि दाब पूर्ण असला तर साडेचारच्या आसपास. चांगला सेन्सर शून्य व्होल्ट कधीच देत नाही. ही वरची-खालची जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. उत्तर शून्याजवळ गेलं की ईसीएम ओळखतो, हे दाबाचं बोलणं नाही, वायर तुटली, शॉर्ट झाली किंवा सप्लाय गेला. सेन्सर आतून मेला असंही असू शकतं, पण ती चार कारणांपैकी एक शक्यता. मी नेमकी तीच धरली, कारण ती बदलायला सोपी होती.

शेठना फोन करून सांगितलं, उद्या सकाळी मी येईपर्यंत कुणी चावीला हात लावू नका.

तिसऱ्या दिवशी पावणेसातला साइटवर पोहोचलो. रात्रभर थांबलेलं इंजिन. चावी अर्धी फिरवायची, स्टार्ट करायचं नाही, आणि स्कॅनरवर चालू आकडे बघायचे. या एका तपासणीला पैसा लागत नाही, काही उघडावं लागत नाही, आणि निम्मी लबाडी किंवा बिघाड इथेच समोर येतो. इंजिन रात्रभर थांबलं असेल तर त्यातलं सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं. कूलंट, आत जाणारी हवा, डिझेल, तिन्ही आकडे एक-दोन अंशांच्या फरकाने सारखे यायला हवेत. इनटेकचा दाब बाहेरच्या हवेएवढा. आपण खाडीकाठी, समुद्राच्या पातळीला, म्हणजे १०१ किलोपास्कलच्या आसपास. रेलचा दाब शून्याजवळ. जो आकडा या पंगतीत बसत नाही त्याच्याकडे बघायचं.

रेल शून्य. इनटेक १०१. हवा २७. डिझेल २८. कूलंट ७९.

मी रेडिएटरच्या पाइपवर तळहात ठेवला. थंडगार. पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. ७९. शेठ बाजूला उभे होते, म्हणाले, “हा तर कायम ७९-८० च असतो. यार्डवाला म्हणाला, कूलिंग एकदम झकास आहे.”

कूलंट सेन्सर साधा असतो. दोन वायरी आणि आत एक मणी, जो तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. या जातीच्या सेन्सरचा २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, पाणी उकळायला आलं की दोनशेच्या आत. मी कपलर काढला. कपलरच्या मागे बोटभर लांब काळी टेप गुंडाळलेली. टेप सोडवली तर आत दोन्ही वायरींना मिळून सोल्डरचा डाग देऊन जोडलेला छोटा रेझिस्टर. त्यावरचे पट्टे नारिंगी, नारिंगी, तपकिरी. ३३० ओहम, म्हणजे ईसीएमच्या लेखी कायम ७९ अंश. सेन्सरकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी आतून कापलेल्या, कपलर नुसता वरून बसवलेला. म्हणजे ही मशीन कितीही तापली तरी काटा हिरव्यातच राहणार, अलार्म कधीच वाजणार नाही आणि ईसीएम इंजिनला वाचवायला कधीच पुढे येणार नाही. हे कुणी केलं, आधीच्या मालकाने की विकणाऱ्याने, मला माहीत नाही, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. पण हे करणाऱ्याला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं. अंदाजाने ३३० ओहम निवडले जात नाहीत. शेठचं घर त्या मशीनच्या हप्त्याशी बांधलेलं होतं. तो रेझिस्टर मी त्यांच्या हातावर ठेवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण रेस पडण्याचा आणि या रेझिस्टरचा संबंध नव्हता. तो प्रश्न तसाच होता.

ऑपरेटर काका जालन्याकडचे, पन्नाशीचे. दोन दिवस मी त्यांच्याशी “चालू करा”, “बंद करा” याच्या पलीकडे बोललो नव्हतो. चहा घेताना त्यांनीच विषय काढला. “मिस्त्री, तुम्ही परवा कोड खोडले ना, त्याच्या आधीचा फोटो आहे माझ्याकडं. मॉनिटरला बाण दाबला की खाली अजून दिसतात.” त्यांच्या मोबाइलमध्ये तीन फोटो होते. १५७ चा ४, खाली १०० चा ४, त्याखाली ३५०९ चा ४. तिन्हींच्या पुढे किती वेळा झालं तो आकडा: १७, १७, १७.

१०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब. ३५०९ म्हणजे सेन्सरना जाणारा ५ व्होल्टचा सप्लाय. तीन निरनिराळ्या गोष्टी सतरा वेळा बरोबरच बिघडल्या तर त्या तीन नसतात. एकाच सप्लायवर दोन सेन्सर होते, आणि त्या सप्लायची वायर कुठेतरी क्षणभर बॉडीला लागत होती. सप्लाय बसला की दोन्ही सेन्सर मुके होणार, आणि रेलचा दाब दिसेनासा झाला की ईसीएम घाबरून रेस खाली आणणार. चावी फिरवली की तो पुन्हा नव्याने बघतो, तोवर वायर बॉडीपासून बाजूला झालेली असते, म्हणून मशीन पळते. हे सगळं पहिल्याच दुपारी माझ्या स्कॅनरमध्ये होतं. मी सगळ्यात वरचा कोड वाचला आणि बाकीचे न बघता खोडले. तेव्हापासून माझा नियम आहे, खोडण्याच्या बटणाला हात लावायच्या आधी सगळ्या पानांचे फोटो, आकड्यांसकट.

तरी मीटर लावला तेव्हा रेल सेन्सरच्या कपलरवर ५.०२ व्होल्ट. अगदी ठणठणीत. उभ्या मशीनवर दोष दिसणारच नव्हता. मग कपलर न उघडता मागून पिना घातल्या, दोन लांब वायरी टाय मारत केबिनपर्यंत नेल्या, मीटर कमीत कमी आकडा धरून ठेवण्यावर लावला आणि केबिनच्या काचेला टेपने चिकटवला. काकांना म्हटलं, रोजच्यासारखं काम करा, आणि रेस पडली की मशीनचा हात, म्हणजे आर्म कुठे होता तेवढं लक्षात ठेवा.

ते म्हणाले, “ते तर आत्ताच सांगतो. आर्म पूर्ण आत घेतला अन् तिथं दाबून धरला की होतं. नुसत्या ब्रेकरनं होत नाही.”

हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पाच हजार तास चालवलेला माणूस मशीनच्या अंगातला प्रत्येक बदल कमरेतून ओळखतो, आणि आम्ही बॅग उघडून थेट स्कॅनर लावतो.

वीस मिनिटांनी आर्म आत दाबला, रेस पडली. मीटरने धरलेला आकडा ०.३१ व्होल्ट.

आर्म टोकाला जाऊन दाबून धरला की पंपाचा दाब सगळ्यात वर जातो. दाब आला की हायड्रॉलिक होज ताठ होतो, जागचा हलतो. म्हणजे जिथे इंजिनची वायरिंग पंपाच्या होजजवळून जाते तिथे बघायचं. चालू मशीनमध्ये पंपाच्या बाजूला डोकं घालणं म्हणजे मरण, म्हणून माझा मोबाइल टॉर्च आणि व्हिडिओ चालू करून पत्र्याला घट्ट बांधला, दार लावलं आणि लांब झालो. काकांनी पाच वेळा आर्म दाबला. नंतर आम्ही तिघांनी बॉनेटवर वाकून तो व्हिडिओ बघितला. दाब आला की जाड होज बोटभर उचलला जायचा, आणि त्याला टायने बांधलेली ऑइल प्रेशर सेन्सरची वायरिंग त्याच्यासोबत उचलली जाऊन एका ब्रॅकेटच्या धारेवर घासायची. ब्रॅकेटचा पिवळा रंग तेवढ्याच नखाएवढ्या जागी उडून लोखंड आरशासारखं चमकत होतं.

मशीन बंद करून टाय कापला. पन्हळीची नळी तिथे फाटलेली. आतली एक वायर दोन सेंटिमीटर उघडी, तांबं हिरवं पडलेलं. आपल्याकडच्या खारट दमट हवेत उघडं तांबं असंच हिरवं पडतं. एकदा पाणी शिरलं की ते वायरीच्या आतून पुढे सरकतं, म्हणून नुसती जखम झाकून भागत नाही. दोन्ही बाजूंनी लालसर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत गेलो. एकीकडे चार बोटं गेली, दुसरीकडे वीतभर. नवीन तुकडा, क्रिम्प, वरून आत गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी, त्यावर नवी पन्हळी. पिळून टेप मारायची सवय आपल्या धंद्यात अजून आहे. इंजिनच्या उष्णतेत ती टेप महिन्यात ओघळते आणि दोष आणखी अवघड होऊन परत येतो. मग वायरिंग होजपासून तोडून रबरी क्लिपांवर ब्लॉकला बसवली. होजला वायर बांधायची नाही. होज हलतो, वायरने हलायचं नसतं.

नवीन रेल सेन्सर काढून जुनाच परत बसवला, तो चांगलाच होता. मीटर तसाच काचेवर ठेवला आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत ब्रेकर आणि बकेट दोन्ही चालवले. कमीत कमी आकडा ४.९८. ११,५०० रुपये मी शेठना परत केले. दुकानदार इलेक्ट्रिकलचा माल परत घेत नाहीत, तो सेन्सर माझ्या कपाटात आहे. शेठ नको म्हणत होते, पण निदान माझं चुकलं होतं, त्यांचं नव्हतं.

चौथा दिवस कूलंटचा. नवीन सेन्सर बसवण्याआधी साइटच्या कडेच्या टपरीवर नेला. टपरीवाल्या मावशींनी पातेल्यात पाणी ठेवून दिलं. दोऱ्याने सेन्सर पाण्यात सोडला, मीटरच्या पिना वर धरल्या. सुरुवातीला सतराशेच्या आसपास, पाणी तापत गेलं तसा आकडा घसरत गेला, उकळी फुटली तेव्हा १९०. मध्ये कुठे उडी नाही, अडकणं नाही. मावशी विचारत होत्या, “हे काय शिजवतोस रे?” कळंबोलीला माझ्या बाकावर मी हे नेहमी करतो, नवीन भाग चांगलाच असतो असं धरून चालण्याची किंमत मी याच आठवड्यात मोजली होती.

रेझिस्टर कापला, सेन्सर जोडला, मशीन कामाला लावली. सव्वा तासात आकडा १०३ वर. इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर धरला, तोही तेच सांगत होता. त्या रेझिस्टरने आठवडाभर लपवलं ते हे. शेठचा चेहरा पडला, त्यांना वाटलं इंजिनच गेलं. पण रेडिएटर आणि ऑइल कूलरच्या मधली जाळी सोडवली तर दोघांच्या मध्ये सिमेंट, धूळ आणि तेल यांचा थर बसलेला, वाकळीसारखा. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसत होता. कुणीतरी विकण्यापूर्वी समोरून धुतला होता, आणि त्या पाण्याने धूळ आणखी आत बसली होती. दोन्ही वेगळे करून आतून बाहेर हवा आणि पाणी मारलं, बेल्ट ताणला, कूलंट बदललं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात, ऑक्टोबरच्या उकाड्यात, ब्रेकरवर आकडा ९१ ला स्थिरावला. हेड गॅसकेट वाचलं होतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, ऑइल पांढरं झालं नव्हतं. अजून महिनाभर असंच चाललं असतं तर मी हे वेगळं लिहिलं असतं.

डिसेंबरात शेठचा मावसभाऊ मशीन घ्यायला निघाला आणि शेठनी मला सोबत पाठवलं. शिळफाट्याकडचं एक यार्ड. आम्ही सकाळी साडेसहाला पोहोचलो, ठरल्याप्रमाणे. माणूस हसतमुख, चहा सांगितला. मी गप्पा मारत मारत बॉनेट उघडलं आणि टर्बोच्या कव्हरजवळ हात नेला. उबदार होतं. थोड्याच वेळापूर्वी कुणीतरी इंजिन चालवून ठेवलं होतं. मी काही बोललो नाही. मावसभावाला बाजूला घेऊन सांगितलं, टोकन द्यायचं, पण बॅटरी कटऑफची किल्ली आज संध्याकाळी आपल्या खिशात आली पाहिजे. यार्डवाल्याने थोडी कुरकुर केली आणि दिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसहा. बाहेर धुकट, हात चोळावेत अशी हवा. किल्ली लावली, चावी अर्धी फिरवली. हवा २१, डिझेल २२, कूलंट २१. इनटेक १०१, रेल शून्य. जुने कोड सगळी पानं उलटून बघितले, फोटो काढले. मग चावी पुढे फिरवली आणि आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत उभे राहिलो. २१. २२. २४. आकडा चढायला लागला.